जोडीदाराचा देश आणि आपले बिऱ्हाड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढे जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजवलेला मनुष्य आहे. विद्वत्तेचे भाषण माझ्या हातून होणार नाही. परंतु शिक्षकाला एक सवय जडलेली असते. उदाहरण सोडवण्यास सांगण्यापूर्वी तो मुलांकडून ते दोनदा वाचून घेतो, कारण पुष्कळ उदाहरणे चुकतात ती वाचण्यातच. आज मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे, तोही आपण पुरता न वाचता त्याचे उत्तर देऊन मोकळे होतो, असे मला आढळले आहे.

प्रश्न असा. आपल्यातील एखाद्या मुलीने वा मुलाने परदेशी व्यक्तीशी विवाह केला, दोघांनी येथेच संसार थाटला, मुले झाली, आणि दहा-बारा वर्षांनी 'आता तुझ्या देशी जाऊ या का?' असा विचार घरात निघाला, तर तो निर्णय कसा करावा? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असा विषय या सभेत कोणी काढला असता, तर मूळ विवाहावरच वादंग माजले असते. आज सभासदांच्या घरांत अशा सुना आणि असे जावई आहेत. विवाहाचा वाद काळाने मिटवला. बिऱ्हाडाचा प्रश्न मात्र पुढे उभा राहिला आहे.

ही गोष्ट मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. माझ्या धाकट्या बंधूची कन्या, म्हणजे माझी पुतणी, पुण्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तिचे यजमान जर्मन असून चाकणच्या बाजूस एका कारखान्यात अभियंता आहेत. मुलगी दुसरीत आहे, मुलगा चार वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी जर्मनीत आमचे व्याही वारले आणि विहीणबाई शहाहत्तराव्या वर्षी एकट्या पडल्या. इकडे माझ्या बंधूंना हृदयविकार आहे. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. तेव्हा या तराजूच्या दोन्ही पारड्यांत माणसेच आहेत. पुतणीने मला विचारले, 'काका, तुम्ही काय सांगाल?' मी म्हणालो, 'आधी मला सगळे समजावून घेऊ दे.' त्यानंतर सहा महिने मी जाणत्या लोकांस भेटून, कायद्याची कलमे वाचून आणि जावयांस प्रश्न विचारून जे समजावून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

आपल्यातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'मुलगी नवऱ्याच्या घरी जाते, ही तर आपली परंपरा. त्यात विचार कसला करायचा?' या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या परंपरेत एक सोय गृहीत धरलेली होती. सासर कितीही दूर असले तरी माहेर बैलगाडीच्या वाटेवर होते. नागपंचमीला भाऊ न्यायला येई, पहिले बाळंतपण माहेरी होई, आणि सासरी काही अधिक-उणे घडले तर चार माणसे जाऊन बोलत. भाषा एक, देव एक, कज्जाखटला झालाच तर कचेरीही एकच. परदेशी सासर म्हटले की या साऱ्या गोष्टी एकदम बदलतात. विमान मुंबईहून फ्रांकफुर्टला आठ-नऊ तासांत पोचवते हे खरे. परंतु त्यासाठी व्हिसा लागतो, पैसा लागतो आणि रजा लागते. म्हणून जुन्या परंपरेचा दाखला येथे अर्धाच लागू पडतो.

जोडीदाराचा देश आपलासा करणारी माणसे आपण पाहिली नाहीत असे नाही. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह या तरुणीने १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला, आणि ती सावित्रीबाई खानोलकर झाली. संस्कृत आणि पुराणे यांचा तिने असा अभ्यास केला की, स्वतंत्र भारताच्या परमवीर चक्राचे रेखाटन तिच्याकडे आले, आणि त्यात तिने इंद्राच्या वज्राची योजना केली. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी भारत पाटणकरांशी विवाह करून सांगली जिल्ह्यातील कासेगाव आपले मानले. १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. या दोघींची उदाहरणे वंदनीय आहेत. परंतु दोघींनाही येथे करण्याजोगे काम सापडले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. नव्या देशात मनुष्य रुजतो तो प्रेमाने, आणि टिकतो तो कामाने.

म्हणून मी पहिला प्रश्न कामाचा मांडतो. जो जोडीदार स्वतःच्या देशी परततो आहे, त्याला भाषा येते आणि नोकरी मिळू शकते; त्याची आई, त्याचे मित्र तेथे आहेत. जो त्याच्यामागे जातो, त्याचे काय? माझी पुतणी येथे चौदा वर्षे शिकवते. जर्मनीत शिक्षक, डॉक्टर, परिचारिका हे व्यवसाय नियंत्रित आहेत. परदेशी पदवीला मान्यता मिळवण्यासंबंधी २०१२ साली तेथे कायदा झाला, पण शिक्षकांचा विषय घटक राज्यांच्या हाती आहे. साधारणतः दोन विषय शिकवण्याची पात्रता आणि फार वरच्या पायरीची जर्मन भाषा यांवाचून सरकारी शाळेत कायमची नेमणूक मिळणे कठीण. म्हणजे वर्गात फळ्यापुढे उभी राहणारी बाई तेथे प्रथम बाकावर बसणार, आणि हे दोन-तीन वर्षे तरी चालणार. हे तिला मान्य आहे का, असे तिलाच विचारले पाहिजे. तिच्या वतीने आई-बापांनी वा नवऱ्याने उत्तर देऊ नये.

जर्मन नागरिकाच्या पत्नीला तेथे राहण्यास जाताना भाषेच्या पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र सामान्यतः लागते. तेथे पोचल्यावर सरकार एक अभ्यासक्रम चालवते. त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख असते. पुतणीला मी एवढेच सांगितले की, पहिल्या पायरीवर समाधान मानू नकोस. निदान तिसरी पायरी येथेच चढून जा. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, शिकण्याची सोय घराजवळ आहे. परक्या मुलखात नवऱ्याच्या तोंडून बोलावे लागणे यासारखी परवशता दुसरी नाही. दवाखाना, शाळा, बँक, शेजार या चार ठिकाणी जिला स्वतःच्या तोंडाने बोलता येते, ती बाई त्या घरची गृहिणी होते. जिला येत नाही, ती पाहुणीच राहते.

दुसरा प्रश्न मुलांचा, आणि येथे माझ्या व्यवसायाचा संबंध येतो म्हणून थोडे अधिक बोलतो. जर्मनीच्या सोळा घटक राज्यांपैकी बहुतेकांत प्राथमिक शाळा चार इयत्तांची असते. बर्लिन व ब्रांडेनबुर्ग येथे ती सहा इयत्तांची आहे. त्यानंतर वाटा फुटतात. जिम्नाझियम ही विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इतर शाळा मुख्यतः धंदेशिक्षणाकडे नेतात. काही राज्यांत या वाटा एकाच शाळेत ठेवल्या आहेत, आणि पुढे वाट बदलता येत नाही असेही नाही. तेथील धंदेशिक्षण उत्तम आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण दहा वर्षांच्या मुलाची वाट केवळ भाषा कच्ची म्हणून ठरावी, हे योग्य नव्हे. म्हणून मुलीने चौथीच्या शेवटी तेथे पोचणे हा सर्वांत वाईट मुहूर्त. दुसरी संपवून गेली तर तिला दोन वर्षे मिळतात, आणि त्या वयात मुले भाषा खेळता खेळता उचलतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नेणे हे मात्र झाड मुळासकट उपटण्यासारखे आहे. तेथे त्याची संमती घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये. सारांश, मुहूर्त ठरवायचा तो मुलांच्या इयत्तेवरून; व्हिसा, नोकरीचे पत्र वा घरभाड्याचा करार यांचा विचार त्यानंतर.

यालाच जोडून मातृभाषेचा विचार आहे. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांनी, तसेच इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली मंडळींनी मराठीशी नाते राखले, हा दाखला आपल्या सभांत नेहमी दिला जातो. पण ती मंडळी समूहाने गेली होती. एकटे कुटुंब गेले तर मराठी जपण्याचा सारा भार एका आईच्या जिभेवर पडतो. माझा सल्ला असा की, आईने मुलांशी मराठीतच बोलावे, रोज बोलावे, आणि रागावतानाही मराठीतच रागवावे. भाषा टिकते ती रोजच्या वापराने. वर्षातून एकदा गणेशोत्सवात आरती म्हटल्याने टिकत नाही.

तिसरा प्रश्न कायद्याचा. हा विषय रुक्ष आहे, पण ज्याकडे पाठ फिरवली तोच पुढे आडवा येतो. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय माणसाने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली आहे. परंतु ती मुभा त्यांच्या बाजूची आहे, आपल्या देशाची नव्हे. आपल्याकडे २००५ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय, नावाची सोय आहे. या कार्डावर आजन्म येता-जाता येते, येथे राहता येते. मात्र मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली गोष्ट वेगळी. आपल्या जावयांजवळ आणि दोन्ही नातवंडांजवळ जर्मन पारपत्र व हे कार्ड आहे. पुतणीने आपले पारपत्र बदलण्याची घाई करू नये, असे मी सुचवले. तेथे कायमच्या वास्तव्याचा परवाना घेऊनही राहता येते. जर्मन नागरिकाच्या पत्नीला तो साधारणतः तीन वर्षांनी मिळतो.

आता एक कटू गोष्ट बोलतो; शुभकार्याच्या वेळी अशुभ बोलू नये म्हणतात, तरी बोलतो. तेथे गेल्यानंतर संसार मोडला तर काय? जर्मन कायद्यात सामान्यतः तीन वर्षे एकत्र संसार झाल्यावर पत्नीला स्वतःच्या नावाने राहण्याचा हक्क येतो. पतीचा मृत्यू किंवा विशेष हालअपेष्टा झाल्यास अपवाद केला जातो. आपल्याकडेही विवाहाच्या आधारावर मिळालेले ओसीआय कार्ड विवाह कायद्याने संपुष्टात आल्यास रद्द होऊ शकते; म्हणजे येथे जावयांची अवस्था तीच होती. आणि मुलांचे काय? मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात एकतर्फी नेण्यासंबंधी १९८० सालचा हेग येथील करार आहे. जर्मनी त्यात आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. मुले एकदा त्या देशात नांदू लागली की, एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून त्यांना माहेरी घेऊन येणे ही गोष्ट कोर्टकचेरीची होते. जी आई 'पटले नाही तर मुलांना घेऊन परत येईन' असे मनाशी म्हणत विमानात बसते, तिला हे आधी ठाऊक असले पाहिजे.

मृत्यूचा विचारही टाळू नये. पंडिता रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि आसामातील सिलचरला त्यांचा संसार सुरू झाला. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती निवर्तले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. त्या रमाबाई होत्या म्हणून उभ्या राहिल्या. सामान्य स्त्रीजवळ स्वतःचे बँकेचे खाते, स्वतःची विद्या आणि परतण्याजोगे एक दार असावे. म्हणून पुण्यातील राहते घर निदान पाच वर्षे विकू नये, असे मी त्या दोघांना सांगितले. जावयांनी ते आनंदाने मान्य केले.

चौथा प्रश्न वृद्धांचा, आणि खरे ओझे त्याचेच आहे. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आहे. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा विमा आहे. वृद्धांच्या सेवेचा काही खर्च त्यातून भागतो, आणि २०२० पासून, ज्यांचे वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंहून अधिक आहे अशाच मुलांकडे त्या खर्चाची मागणी होते. यावरून आपल्यातील काहीजण म्हणतात, 'तेथील म्हातारीला सरकार सांभाळते, येथील म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार? मग जावे कशाला?' हा हिशेब मला पटत नाही. विमा परिचारिका पाठवील. संध्याकाळी दिवा लागल्यावर समोर बसून बोलणारा मुलगा तो पाठवू शकत नाही. आपल्या जावयांनी बारा वर्षे आपल्या आईपासून दूर राहून आपल्या मुलीचे माहेर सांभाळले. आता त्यांना आपल्या आईची ओढ लागली, तर त्यात आपण खोट काढावी काय? आपला मुलगा अमेरिकेहून परत आला की आपण पेढे वाटतो. दुसऱ्याच्या मुलाची आईकडे परतण्याची इच्छा तेवढी आपल्याला अन्याय वाटते!

तथापि माझ्या बंधूंचाही विचार झालाच पाहिजे. येथून आई-वडिलांना तेथे नेऊन कायमचे ठेवणे फार अवघड आहे. भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, इतकेच. म्हणून जाण्यापूर्वी या गोष्टी कागदावर ठरल्या पाहिजेत: रात्री छातीत कळ आली तर दवाखान्यात कोण नेणार, औषधपाण्याचा खर्च भाऊ-बहीण कसा वाटून घेणार, मुखत्यारपत्र कोणाच्या नावे, आणि मुलगी वर्षातून किती दिवस येथे येऊन राहणार. आमच्या घरी हे सर्व एका वहीत लिहिले आहे आणि बंगळूरच्या पुतण्याने त्यावर सही केली आहे. नात्यात कागद कशाला, असे काहींना वाटेल. माझा अनुभव उलट आहे. मोघम बोलण्याने नाती जितकी तुटतात, तितकी लिहून ठेवल्याने तुटत नाहीत.

माझ्या बंधूंनी एके रात्री मला जे सांगितले, ते त्यांच्या परवानगीने येथे सांगतो. ते म्हणाले, 'दादा, मी जाऊ नको म्हटले तर ती थांबेल. म्हणूनच मला तसे म्हणवत नाही.' सभ्य गृहस्थहो, बापाच्या अधिकाराचा याहून सुंदर उपयोग मी पाहिला नाही. अधिकार हाती असून तो न वापरणे हेही एक दानच आहे. परंतु या दानाचे मोल मुलीने विसरू नये, आणि जावयांनीही विसरू नये.

पाचवी गोष्ट, 'वर्षभर जाऊन पाहू, जमले तर राहू' या बोलण्याची. मोठ्यांना हे सोयीचे वाटते; मुलांना ते त्रासाचे होते. मुलगी वर्गात मैत्रीण जोडते तोच परतण्याची भाषा घरात सुरू होते, आणि मग ती कोठेच मन लावीत नाही. त्याऐवजी निदान तीन वर्षांचा निश्चय करून जावे. तीन वर्षांनी, ठरलेल्या महिन्यात, नवरा-बायकोने समोरासमोर बसून हिशेब मांडावा. त्या वेळी ज्याने देश सोडला त्याचे मत अधिक वजनाचे धरावे, कारण त्याने अधिक दिले आहे. हा नियम पुतणी आणि जावई या दोघांनीही मान्य केला आहे. शाळेचे वर्ष संपले की ते कुटुंब जाणार. निर्णय बरोबर की चूक हे मी आज सांगू शकत नाही. पण उदाहरण त्यांनी नीट वाचले आहे, एवढे मी शिक्षक या नात्याने खात्रीने सांगतो. याच कसोटीवर दुसरे एखादे कुटुंब येथेच राहण्याचे ठरवील, आणि तेही तितकेच शहाणपणाचे असेल.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. आपल्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, परदेशी राहून आलेले पुष्कळ सभासद आहेत. अशा निर्णयाच्या वेळी कुटुंबांना ज्यांच्याकडे विश्वासाने जाता येईल अशा पाच-सात जाणत्या व्यक्तींची यादी मंडळाने तयार करावी. तसेच जे मागे राहतात त्या वृद्ध सभासदांकडे महिन्यातून एकदा कोणी तरी जाऊन यावे, अशी पाळी लावावी. शिष्यवृत्त्या आणि वधूवर-मेळावे यांइतकेच हे काम मोलाचे आहे.

दुसरी सूचना आपल्या कुटुंब-परिचय पुस्तिकेसंबंधी. तिची मागील आवृत्ती मी चाळली. ज्या मुलींनी ज्ञातीबाहेर विवाह केला, त्यांची नावे पित्याच्या कुटुंबाखाली 'विवाहित' एवढ्या एका शब्दाने संपतात. त्यांचे यजमान आणि त्यांची मुले यांचा पत्ताच नाही. ज्ञातीबाहेरून आलेल्या सुनांची नावे मात्र आहेत. सून आपली आणि जावई परका, हा न्याय कोणता? माझ्या बंधूंची नात तेथे जर्मन शाळेत जाईल. उद्या ती मोठी होऊन ही पुस्तिका उघडील, तेव्हा तिला तीत आपले नाव सापडले पाहिजे. विमानाचे अंतर आपल्या हाती नाही. पुस्तिकेतील ही ओळ आपल्या हाती आहे. पुढील आवृत्तीत ती घालावी, असा ठराव कार्यकारी मंडळाने आणावा, ही माझी विनंती.